नांगर न लागलेलं जेवण

परत येऊन आठ दिवस झाले, तरी जिना उतरताना माझ्या पोटऱ्या कुरकुरतात. कामावर सगळे विचारतात, सुट्टी कशी झाली. मी "लव्हली" म्हणते आणि बसायला खुर्ची शोधते. ज्यांना न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडच्या डोंगरांत जायचं आहे त्यांनी जरूर जावं. फक्त आईला घेऊन जाणार असाल, तर मनात जे काही दडवलं असेल ते निघण्याआधी घरीच बोलून टाका. डोंगरात त्याचं ओझं फार होतं.

मी हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. डिसेंबर-जानेवारी हा इथला उन्हाळा. निम्मा स्टाफ समुद्रावर गेलेला असतो आणि उरलेल्यांनी दुप्पट काम करायचं असतं. या वर्षी मी इतकी दमले होते की एकदा गाडी घरासमोर लावून तिच्यातच अर्धा तास बसून राहिले. तरी यंदा घरात आई होती. माझी आई सत्तरीची, सिन्नरजवळच्या गावातून प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. ऑक्टोबरात आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी घरी पोचायची तेव्हा गरम पोळ्या तयार असायच्या. सकाळी माझा आणि लेकीचा डबाही भरलेला असायचा.

तिचं परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं होतं. जानेवारीत एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवरून ते मे महिन्यातलं करून टाकलं. तिला विचारलं नाही. सांगितलंही नाही. डोंगरात निवांत वेळ मिळेल, तेव्हा सांगू, असं ठरवलं.

पायथा

हा बेत मिरियामाचा. ती आमच्या हॉस्पिटलात नर्स आहे, माओरी आहे, आणि तिच्या घराण्याची जमीन थेट उत्तरेकडच्या डोंगरांत आहे. सरकारी रानातलं पान तोडायला इथे परवानगी लागते. स्वतःच्या घराण्याच्या जमिनीवर मात्र मिरियामा रानभाजी वेचते, लहानपणापासून. तीन दिवसांची चाल, पहिली रात्र डोंगरावरच्या लाकडी झोपडीत, दुसरी पलीकडच्या ओढ्याकाठी तिच्या मावशीच्या रिकाम्या घरात. आई दर आषाढात शाळेच्या पोरांना घेऊन रानभाज्या वेचायला जायची. तिने हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी बुटांची नाडी आवळून बघितली.

लेकीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही हॅमिल्टनहून निघालो आणि ऑकलंडला हिल्सबरोत माझ्या एका मैत्रिणीकडे जेवलो. पुढचा रस्ता वळणांचा आहे. मला गाडी लागली, आईला नाही, आणि ते तिने मिरियामाला खुणेने सांगितलंही.

वाट सुरू होते तिथे एक लाकडी चौकट आहे, खाली ब्रश आणि औषधाचा फवारा. इथल्या कौरी नावाच्या प्रचंड झाडांना मुळाशी एक रोग लागतो, तो बुटांच्या चिखलातून पसरतो. म्हणून आत जाताना आणि बाहेर येताना बुटांचे तळ घासायचे. मला हा उपद्व्याप वाटला. आईने मात्र दोन्ही बूट मन लावून घासले, मग माझे तपासले आणि मला परत पाठवलं. झाडाकडे पाय धुऊन जायचं हे तिला पटलेलं होतं.

पहिलं पान तोडण्याआधी मिरियामा थांबली आणि तिच्या भाषेत हळू आवाजात चार ओळी म्हणाली. काय चाललंय हे कोणी सांगण्याआधीच आईने हात जोडले होते. त्यानंतर त्या दोघींचं जे जमलं, त्यात मला फक्त दुभाष्याचं काम उरलं. मिरियामा आईला 'फाएआ' म्हणायची. वडीलधाऱ्या बाईला तिथे असंच म्हणतात.

कावाकावा नावाचं झुडूप दिसलं तेव्हा आई जागेवरच थबकली. हुबेहूब विड्याचं पान. त्याच कुळातलं आहे, हे मी पुस्तकी ज्ञानाने सांगितलं. आईने तोवर पान चुरडून हुंगलंही होतं. पण मिरियामा स्वच्छ, अखंड पानं सोडून भोकं पडलेलीच वेचत होती. अळीने जे खाल्लं तेच औषधी, असं तिच्या आजीचं म्हणणं. आईला हे पटेना. आपण कीड लागलेलं पान बाजूला टाकतो, ही बाई तेच निवडते. पण थोडं पुढे गेल्यावर तिने स्वतः एक जाळीदार पान शोधून मिरियामाला आणून दिलं, गृहपाठ दाखवावा तसं.

झोपडी

इथे उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस संपतच नाही आणि दमलेल्या माणसाला सुटका नसते. झोपडीच्या पायरीवर बसून मिरियामाने पुहा निवडायला घेतला. पुहा म्हणजे आपल्या पाथरीसारखी, चीक असलेली कडू पालेभाजी. ती पाण्यात धरून दोन्ही हातांनी चोळायची, चीक गेला की कडूपणा उतरतो. आई म्हणाली, कारल्याला मीठ लावून पिळतात तेच हे. मी भात टाकला होता.

रानातलं जेवण म्हटल्यावर आईला ऋषीपंचमी आठवणारच होती. तिने मिरियामाला सांगायला सुरुवात केली आणि मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेले. भाद्रपदात एक दिवस आमच्याकडे बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं काही नाही. आपोआप उगवलेलं, नाहीतर हाताने खणून लावलेलं तेवढंच. मिरियामाला हे फार आवडलं. तिने विचारलं, बैलालाही त्या दिवशी सुट्टी असते का. आई हसली आणि पुढे सांगू लागली. एकोणचाळीस वर्षं हे व्रत तिने एकदाही मोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा नेमकी ऋषीपंचमी आली. पण शुभा, म्हणजे मी, इथून आली होती, तिने कुणाकडून तरी देवभात मिळवला आणि त्याची पेज पाजली.

हे वाक्य मला इंग्रजीत करता येईना.

देवभात म्हणजे न नांगरता उगवणारा तांदूळ. तो मला कुठेही मिळाला नव्हता, खरं तर मी शोधलाच नव्हता. आई तीन दिवस उपाशी होती, डॉक्टर म्हणाले काहीतरी पोटात जाऊ दे. मी हॉस्पिटलच्या कँटीनमधली पेज वाटीत ओतून आणली आणि शेजारच्या काकूंनी देवभात पाठवलाय असं सांगितलं. आई वाटीला नमस्कार करून ती पेज प्यायली होती.

मिरियामा वाट बघत होती. आईही माझ्याकडे बघत होती. आणखी एक खोटं, तेही दुसऱ्या भाषेत, सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी आईला मराठीत खरं ते सांगून टाकलं.

आईने चोळलेला पुहा पुन्हा एकदा चोळला, हात झटकले आणि आत जाऊन आपली पथारी घातली. मिरियामाने मला विचारलं, काही चुकलं का. मी म्हटलं, माझं.

कडा

सकाळी मिरियामाने ओट्स शिजवले. आईने आपली वाटी सरकवून दिली.

"आज मी बैलाचं खाणार नाही," ती म्हणाली. "आणि तूही नाहीस."

मी म्हटलं, अगं, जानेवारी आहे, भाद्रपदाला अवकाश आहे. ती म्हणाली, तुमच्याकडे भाद्रपदात थंडी असते, रान उगवतं ते आत्ता. शिवाय प्रायश्चित्ताला तिथी लागत नाही. मी शेवटचा प्रयत्न केला. इथे बैल नांगर ओढतच नाहीत, सगळं ट्रॅक्टरवर होतं.

"मग ट्रॅक्टरचंही नाही."

मिरियामाला सांगितलं तेव्हा ती "स्वीट ॲज", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाली आणि आपली वाटी घेऊन झोपडीच्या मागे गेली. दिवसभर ती अशीच कुठल्या ना कुठल्या झाडाआड जाऊन खायची आणि तोंड पुसून परत यायची.

तर त्या दिवशी मी काय खाल्लं, ते वाचकांच्या माहितीसाठी लिहिते. सकाळी उकडलेला पुहा, मीठ घालून. मीठ समुद्राचं असल्यामुळे मंजूर झालं. नऊच्या सुमारास कावाकावाची केशरी फळं, दिसायला पिंपळीसारखी, आधी गोड आणि मागाहून जिभेला मिरमिरणारी. मग एका वेलीचे कोवळे शेंडे, ते कच्च्या घेवड्यासारखे लागतात. उन्हाच्या उतारावर ब्लॅकबेरी होत्या, अर्ध्या पिकलेल्या, अर्ध्या लालच. तिथे ओरबाडून घेतलेले हात अजून भरून आलेले नाहीत. वाटेत केशरी फळांनी लगडलेलं एक देखणं झाड लागलं, त्याला मिरियामाने हातही लावू दिला नाही. बी विषारी असते. माझ्या लिखाणाच्या भरवशावर कुणी काही तोंडात घालू नये, हेही इथेच सांगते. माहितगार बरोबर नसेल तर डबा न्यावा.

एवढ्यावर चढ चढायचा होता. चिखल पिवळा आणि चिकट, मुळं घोट्यात अडकणारी, आणि रातकिड्यासारखा एक किडा इथे भर दुपारी ओरडतो, तो डोक्यातच बसल्यासारखा. आई काठी टेकत पुढे चालली होती. मागे वळून बघत नव्हती. माझ्या खिशात एक म्युस्ली बार होता. दोनदा त्याच्यावर हात गेला. तो मी खाल्ला नाही हे खरं, पण त्यात चांगुलपणा काही नव्हता. कागद वाजला असता.

डोंगराच्या धारेच्या थोडं खाली आई एका आडव्या पडलेल्या खोडावर बसली आणि उठेचना. ओठ पांढरे पडले होते. मी नाडी धरली, ती जलद होती. हे माझं रोजचं क्षेत्र. अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक होतं, आणि मी बार काढून त्याचा कागद फाडलाही. तिने ऐकलं नाही तर तोंडात कोंबायचा, इथपर्यंत माझं ठरलं होतं. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलच्या खाटेवरून पेजेच्या वाटीकडे बघितलं होतं तशीच बघत होती, फक्त या वेळी तिला ठाऊक होतं.

मी बार खाली ठेवला आणि शेजारी बसले. शेवटी म्हटलं, "तू सांग. काय करू?"

"मध आहे का तिच्याकडे?" आई म्हणाली. "मधाला नांगर लागत नाही."

मिरियामाकडे मावशीच्या पोळ्यांचा, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यांचा, मध होता. आईने तीन चमचे चाटले, मग चौथा माझ्यापुढे धरला. अर्ध्या तासाने तिच्या ओठांना रंग आला. त्या अर्ध्या तासात मला किती भीती वाटली ते सांगून उपयोग नाही. ज्यांना आई आहे त्यांना कळेल. धारेवरून म्हणे दोन्ही बाजूंचे समुद्र दिसतात. मिरियामा बोट दाखवत होती. मी आईच्या पायांकडे बघत उतरले.

ओढा

मावशीचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली, गॅसची शेगडी आणि बाहेर ओढा. मी बूट काढून पायरीवर आडवी झाले. आई ओढ्यावर गेली आणि तिथून तिने मला हाक मारली. चोवीस तासांत पहिल्यांदा.

ओढ्याच्या कडेने अळू उगवला होता. चांगला कमरेइतका. मिरियामाने सांगितलं, तिच्या पूर्वजांनी कधी तरी लावलेला, आता कुणी बघत नाही, आपापला वाढतो. मावशी यायची तेव्हा फक्त कंद काढायची. शिवाय तिने बजावलं की अगदी असंच दिसणारं एक विषारी झाडही या भागात ओढ्यांकाठी असतं. आईने एक पान उलटं करून देठ दाखवला. खऱ्या अळूचा देठ पानाच्या काठाला नसतो, थोडा आत जोडलेला असतो. मग ओंजळीने पानावर पाणी टाकलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले. मिरियामानेही बघून मान हलवली. मग दोघींनी मिळून कोवळी पानं खुडली, मोजकी, एका झाडाचं एकच.

ऋषीच्या भाजीत अळू लागतोच. चिंचही लागते, नाहीतर घसा धरतो. चिंच कुठून आणणार. आईने माझ्या टोपीत उरलेल्या लाल, न पिकलेल्या ब्लॅकबेरी बघितल्या, एक चावून तोंड वाकडं केलं आणि सगळ्या पातेल्यात टाकल्या. अळू खाजरा असतो, तासभर शिजवावा लागतो. मिरियामा ओढ्यात डुंबायला गेली. आम्ही दोघी शेगडीपाशी उरलो.

पातेलं ढवळता ढवळता आई बोलायला लागली. "मी चिडले ते व्रत मोडलं म्हणून नाही गं. आजारी माणसाला सगळं माफ असतं, एवढं मलाही कळतं." मग गॅस बारीक करत म्हणाली, "लग्न झाल्यापासून तो एक दिवस माझा होता, शुभे. वर्षात एकच. बैलाचं चालत नाही म्हणजे गहू चालत नाही. कणीक भिजवायची नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत. सकाळची शाळा, आल्यावर नऊ माणसांच्या पोळ्या. त्या एका दिवशी सासूबाईसुद्धा मला काही म्हणू शकत नव्हत्या. ऋषींचं नाव होतं ना. मला कुठले ऋषी आणि कुठलं पाप. मी त्या दिवशी दुपारी झोपायची."

मी तिची मुलगी. माझ्या डोळ्यांसमोर ती दर ऋषीपंचमीला झोपायची. मला वाटायचं, उपासाने गळून गेली असेल.

"तो दिवस कसा पाळायचा ते मला ठरवू द्यायचं होतंस," आई म्हणाली. "विचारलं असतंस तर पेज आण म्हटलं असतं. तू विचारलंच नाहीस."

आता तिकिटाचं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगितलं. फेब्रुवारीचं मे केलं, तीन आठवडे झाले, विचारलं नाही. आईच्या हातातला डाव पातेल्यात थांबला.

"का?"

सांगायला कारणं तयार होती. गावी तू एकटी, उन्हाळा कडक, नातीला तुझी सवय झालीय. तीन आठवडे हीच कारणं मी स्वतःलाही सांगत होते. पण पोटात दिवसभर पाला होता आणि खोटं बोलायला जी ताकद लागते ती संपलेली होती. मी म्हटलं, "तू गेलीस की घरी आल्यावर गरम पोळी नसणार. मी फार दमते, आई."

"मीपण दमते," आई म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं. कुणाचा निरोप पोचवावा तसं सांगितलं आणि डाव पुन्हा फिरवायला लागली. मला रडू आलं. तिने ते बघितलं आणि गॅस थोडा मोठा केला.

भाजी आम्ही तिघींनी खाल्ली. मिरियामा या वेळी झाडाआड गेली नाही. काळसर हिरवी, आंबट, किंचित तुरट, तेलाचा थेंब नाही. घसा जरा खवखवलाच. आईने मला विचारलं, खवखवतंय का. मी म्हटलं, थोडं. ती म्हणाली, एवढं चालायचं. मला वाटतं तिथे माझं प्रायश्चित्त संपलं. इतकी चविष्ट भाजी मी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती.

परत

तिसऱ्या दिवशी बैल आणि ट्रॅक्टर दोघांनाही माफी मिळाली. मिरियामाच्या उरलेल्या ओट्सचा आम्ही फडशा पाडला. ओढ्याकाठच्या वाटेने वळसा घालून आम्ही पुन्हा पायथ्याशी आलो. चौकटीपाशी आईने पुन्हा माझे बूट तपासले.

गाडीपाशी फोनला रेंज आली. मी तिकिटाचं पान उघडलं आणि फोन घेऊन आईजवळ गेले. विचारलं, "कधीचं करू?"

तिने चष्मा लावला, तारखांवरून बोट फिरवलं, बराच वेळ. मी देवाला विनवत होते की मे म्हणू दे, निदान मार्च. तिने फेब्रुवारीतल्या तिच्या जुन्या तारखेवर बोट ठेवलं. मी ती पक्की केली. मग गाडीत बसल्यावर ती म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा येईन, पण तिकीट माझं मी काढीन. मी बरं म्हटलं.

लेकीला घेऊन हॅमिल्टनच्या घरी पोचायला संध्याकाळ झाली. आई उठून ओट्याकडे निघाली तशी मी तिला म्हटलं, आज बस. ती बसली. मी कणकेचा डबा शोधला. तो कुठे ठेवलेला असतो हे मला माहीत नव्हतं, तिनेच खुर्चीतून बोट दाखवलं. लेक खोलीतून आली, माझे पिठाचे हात बघून "ममा, आर यू ओके?" म्हणाली. मी म्हटलं, हात धू आणि ये इकडे.

कणीक सैल झाली होती. पोळ्या लाटताना चिकटत होत्या आणि एकही गोल होईना. आई सगळं बघत होती. तिचे हात मांडीवर दोनदा हलले, पण ती उठली नाही. चौथी पोळी तव्यावर टाकून मी वळून बघितलं, तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती.